पडद्यावरच्या कॅलरी

ट्रेडमिलला आपल्याबद्दल फार थोडे माहीत असते. पट्टा किती वेगाने फिरतो आहे, तो किती चढवलेला आहे आणि सुरू होऊन किती मिनिटे झाली, या तीन गोष्टी तिला पक्क्या ठाऊक असतात, कारण पट्टा फिरवणारी आणि उचलणारी मोटर तिचीच असते. चौथी गोष्ट वजन, आणि तेही आपण बटणे दाबून सांगितले तरच. पट्ट्यावरच्या माणसाने किती ऑक्सिजन आत घेतला, त्याच्या स्नायूंनी किती साखर आणि किती चरबी वापरली, यातले काहीही तिच्यापर्यंत पोचत नाही. तरीही अर्ध्या तासाने पडद्यावर १३८ असा आकडा उमटतो. 'सव्वाशे ते दीडशे' असे मोघम उत्तर नाही, नेमके १३८. वेग आणि वेळ ज्या ठळक अंकांत दिसतात त्याच अंकांत कॅलरीही दिसतात, म्हणून त्याही मोजलेल्याच असणार असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो आकडा काही गृहीतकांवर उभा केलेला अंदाज असतो, आणि त्या गृहीतकांपैकी बहुतेक एकाच बाजूला, म्हणजे जास्तीच्या बाजूला, चुकतात. त्या चुका कुठून येतात हे कळले, तर आकड्यावर कुठे आणि किती विसंबायचे हेही ठरवता येते.

शरीराने खर्च केलेली ऊर्जा खरोखर मोजता येते, पण त्यासाठी काय काय करावे लागते ते पाहिले की जिममधल्या पडद्याने केवढी उडी मारली आहे ते लक्षात येते. १७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवले आणि किती बर्फ वितळले यावरून त्याच्या अंगातून निघालेली उष्णता काढली. शतकभराने अमेरिकेत वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर आणि एडवर्ड रोझा यांनी माणसाला काही दिवस राहता येईल अशी बंदिस्त खोली उभारली. आतला माणूस जेवे, झोपे, जागेवरची सायकल चालवी. त्याच्या शरीराची उष्णता भिंतींमधून खेळवलेले पाणी वाहून नेई आणि त्या पाण्याचे तापमान सतत टिपले जाई. दुसऱ्या बाजूने त्याने खाल्लेल्या अन्नाचा आणि सोडलेल्या वायूचा हिशेब ठेवला जाई. दोन्ही वाटांनी आलेली उत्तरे एका टक्क्याच्या आत जुळली. उष्णता पकडायची गरज नाही, श्वासाचा हिशेब ठेवला तरी चालते, हा भरवसा तिथून पक्का झाला. आज त्यासाठी तोंडावर मुखवटा आणि त्याला जोडलेले वायुविश्लेषक यंत्र पुरते. शरीराने एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण पाच किलोकॅलरी खर्च होतात; चरबी जळत असेल तर जरा कमी, साखर जळत असेल तर जरा जास्त. जिमच्या पडद्यावर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर आपण ज्याला नुसते कॅलरी म्हणतो, ती हीच किलोकॅलरी.

ट्रेडमिलकडे मुखवटा नसतो, म्हणून ती उलट्या वाटेने जाते: इतक्या वेगाने चालणाऱ्या माणसाला इतका ऑक्सिजन लागत असणार, असे सूत्र तिच्यात भरलेले असते. कोणत्या मशिनमध्ये नेमके कोणते सूत्र आहे हे उत्पादक सहसा छापत नाहीत, पण अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची सूत्रे सर्वांना खुली आहेत आणि या क्षेत्रात सर्वाधिक चालतात ती तीच. सपाट पट्ट्यावर चालण्याचे सूत्र सोपे आहे. वेग मीटर प्रति मिनिटात घ्या, त्याचा दहावा भाग काढा, त्यात ३.५ मिळवा, उत्तर म्हणजे दर किलो वजनामागे दर मिनिटाला लागणारा ऑक्सिजन, मिलिलिटरमध्ये. ताशी ६ किलोमीटर म्हणजे मिनिटाला १०० मीटर, म्हणून उत्तर १३.५. आता पट्ट्यावर ५२ किलो वजनाची बाई आहे आणि ती अर्धा तास चालली असे धरू. सूत्राप्रमाणे तिचा खर्च सुमारे १०५ कॅलरी. पण तिने वजन भरलेच नाही, थेट सुरूचे बटण दाबले, तर मशिन स्वतःजवळचे ठरीव वजन धरते, आणि ते बऱ्याच मशिनांत १५० पौंड म्हणजे ६८ किलो असते. मग पडद्यावर येतात १३८. सूत्रात काहीही न बिघडता आकडा तीस टक्क्यांहून अधिक फुगला.

फुगवटा इथे संपत नाही. सूत्रातले ते ३.५ चालण्याचे नाहीत, नुसते जिवंत असण्याचे आहेत. ही बाई तोच अर्धा तास खुर्चीत बसून राहिली असती तरी याच सूत्राच्या मते तिने सुमारे २७ कॅलरी वापरल्याच असत्या. व्यायामामुळे जादा गेल्या त्या ७८. पडदा मात्र एकूण खर्च दाखवतो, आणि दिवसभराच्या खाण्यापिण्याचा हिशेब ठेवणारा माणूस तो एकूण आकडा दिवसाच्या मूळ खर्चात मिळवतो, म्हणजे बसून राहण्याचा खर्च दोनदा धरतो. १३८ आणि ७८ यांतली दरी ही मशिन हलक्या प्रतीचे असल्यामुळे पडलेली नाही. लाखो रुपयांच्या मशिनवरही ती तेवढीच पडेल.

वेग वाढला की आणखी एक अडचण उभी राहते. चालण्याचे सूत्र ताशी सहा किलोमीटरपर्यंत नीट लागू पडते, धावण्याचे साधारण आठच्या पुढे. मधल्या पट्टीत, समजा ताशी ७ किलोमीटरला, काही माणसे झपाझप चालतात आणि काही सावकाश धावतात. साठ किलोच्या माणसासाठी त्या वेगाला अर्ध्या तासाचा खर्च चालण्याच्या सूत्राने सुमारे १३७ कॅलरी निघतो, धावण्याच्या सूत्राने सुमारे २४०. पट्ट्यावरचा माणूस चालतो आहे की धावतो आहे हे साध्या मशिनला कळत नाही. तिला फक्त ७ दिसतात. कोणते सूत्र लावायचे ते उत्पादकाने आधीच ठरवून टाकलेले असते आणि आपण त्या निर्णयाची कॅलरी मोजत बसतो.

त्या ३.५ या आकड्याकडेही जरा बघायला हवे, कारण व्यायामशास्त्रातला जवळजवळ प्रत्येक हिशेब त्याच्यावर उभा आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा दर किलोमागे दर मिनिटाचा ऑक्सिजन म्हणून तो स्थिरांकासारखा वापरला जातो; 'मेट' नावाचे एकक म्हणजे तोच. २००५ मध्ये नुआला बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६९ प्रौढांचा विश्रांतीतला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजून तो तपासला. सरासरी आली २.६. म्हणजे प्रमाण मानलेला आकडा खऱ्या सरासरीपेक्षा पस्तीस टक्क्यांनी जास्त होता. या फरकाचे मोठे कारण शरीराची घडण हे निघाले: चरबी वजनात भर घालते, पण विश्रांतीत तिला स्नायू आणि अवयवांइतकी ऊर्जा लागत नाही. आपल्याकडच्या वाचकाने इथे कान टवकारायला हरकत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून चरबीदार हा भारतीय बांधा त्या जोडचित्रामुळे जगभर चर्चेत आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१० च्या आहारविषयक शिफारशींत आंतरराष्ट्रीय सूत्रांपेक्षा भारतीयांचा मूळ चयापचय दर सुमारे पाच टक्के कमी धरला होता. मात्र यातून भलताच निष्कर्ष काढू नये. पट्ट्यावर शरीर पुढे न्यायचे तर चरबीचा किलो आणि स्नायूचा किलो सारखेच वाहावे लागतात; घडणीचा परिणाम मुख्यतः विश्रांतीच्या वाट्यावर होतो. मशिन दोघांनाही एकच वजन विचारते आणि दोघांनाही एकच उत्तर देते, एवढेच इथे महत्त्वाचे.

आता सगळ्या मशिनांना एका माळेत ओवणे अन्यायाचे होईल. जागेवरची सायकल या कामात सर्वांत भरवशाची, आणि त्याला कारण आहे. तिच्यावर वजन सीटवर टेकलेले असते, हालचाल ठरलेल्या वर्तुळातच होते, आणि चांगल्या सायकलीत पायांनी पेडलवर किती वॉट लावले ते खरोखर मोजले जाते. माणसाच्या शरीराची सायकलवरची कार्यक्षमता साधारण वीस ते पंचवीस टक्क्यांत असते. खर्च केलेल्या ऊर्जेपैकी तेवढीच पेडलपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. १०० वॉटने अर्धा तास सायकल मारली तर पेडलवर ४३ किलोकॅलरीचे काम होते आणि शरीराचा खर्च १७० ते २१५ च्या दरम्यान पडतो. ही ओढाताण फार नाही. अट एकच, वॉट मोजलेले हवेत. घरगुती स्वस्त सायकलीत बहुधा घट्टपणाची पातळी आणि पेडलचे फेरे यांवरूनच वॉटही अंदाजाने काढलेले असतात, म्हणजे अंदाजावर अंदाज.

दुसऱ्या टोकाला एलिप्टिकल, आपल्या जिममध्ये ज्याला क्रॉस ट्रेनर म्हणतात ते यंत्र. चालणे, धावणे, सायकल यांची सूत्रे दशकानुदशकांच्या प्रयोगांतून घासूनपुसून आली आहेत, कारण चालणे सगळीकडे चालणेच असते. क्रॉस ट्रेनरवरचा पाय मात्र प्रत्येक कंपनीच्या यंत्रावर वेगळ्या मार्गाने फिरतो. पावलाची लांबी वेगळी, जड चाकाची गती वेगळी, आणि हाताचे दांडे कोणी जीव लावून ओढतो तर कोणी नुसते धरून उभा राहतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतल्या केंद्राने एका अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी केलेल्या चाचणीत सायकलने सरासरी ७ टक्के, जिन्याच्या यंत्राने १२ टक्के, ट्रेडमिलने १३ टक्के आणि एलिप्टिकलने तब्बल ४२ टक्के जास्त आकडा दाखवला होता. ही छोटी चाचणी होती, तिला मोठ्या संशोधनाचा मान देऊ नये. पण तिने लावलेला क्रम यंत्रांच्या रचनेवरून जो अपेक्षित होता तोच आहे.

रोइंग मशिनची गोष्ट मजेशीर आहे, कारण तिथे सूत्र उघडे आहे. व्हरमाँटच्या कॉन्सेप्ट टू कंपनीचे मशिन चालवणाऱ्याचे वजन विचारतच नाही. ते वॉट मोजते, कार्यक्षमता पंचवीस टक्के धरून त्याची कॅलरी करते आणि पुढे-मागे सरकण्यासाठी म्हणून ताशी सरसकट ३०० मिळवते. हे ३०० सुमारे ७९ किलोच्या माणसाचे आहेत. १०० वॉटला पडदा ताशी ६४४ दाखवतो. कंपनीच्याच दुरुस्तीच्या सूत्राने पन्नास किलोच्या माणसाचा आकडा ५३३ च्या आसपास येतो. कंपनी हे लपवत नाही, दुरुस्तीचे गणित स्वतःच देते. तरी किती जण ते पाहतात हा प्रश्न उरतो. क्रॉसफिटच्या स्पर्धांत 'इतक्या कॅलरी रोइंग' असे लक्ष्य दिलेले असते. तिथे त्या आकड्याने शरीराबद्दल खरे बोलण्याची गरजच नसते. दोन स्पर्धकांच्या यंत्रांनी एकाच कामाला एकच आकडा दाखवला की झाले, आणि वजन न विचारणे तिथे उलट सोयीचेच ठरते.

यावर पहिला आक्षेप येतो तो तंत्रज्ञानाच्या बाजूने. ही जुन्या यंत्रांची कहाणी झाली, आता मनगटावर घड्याळ आहे, ते नाडी मोजते, म्हणजे शरीराला थेट विचारते. आक्षेपात तथ्य आहे. नाडी हे शरीराचेच माप आहे. पण २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने साठ स्वयंसेवकांच्या मनगटांवर सात वेगवेगळी उपकरणे बांधून, त्यांना चालवून, पळवून, सायकल चालवायला लावून ती तपासली. सातपैकी सहांनी नाडी पाच टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजली, म्हणजे उत्तम. ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणाची सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. कारण नाडीपासून कॅलरीपर्यंतचा पूल पुन्हा सूत्राचाच. नाडी ऑक्सिजनच्या गरजेबरोबर वाढते हे खरे, पण ती उकाड्याने वाढते, अंगातले पाणी कमी झाल्याने वाढते, कडक कॉफीने आणि चिंतेनेही वाढते. मे महिन्यात पंखा बंद असलेल्या जिममध्ये तीच चाल चाललेल्या माणसाला घड्याळ जास्त कॅलरी बहाल करील. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला कमी. सहा महिने नेमाने व्यायाम केला तर त्याच वेगाला नाडी कमी पडू लागते, हे तर प्रकृती सुधारल्याचे लक्षण. पण घड्याळ त्यालाच कमी खर्च समजू शकते, जरी ऑक्सिजनची गरज जवळजवळ तीच राहिलेली असली.

दुसरा आक्षेप जास्त व्यावहारिक आहे: फुगीर आकडा पाहून माणूस हुरूप येऊन दहा मिनिटे जास्त चालला तर बिघडले कुठे? नुसत्या चालण्यापुरते काहीच बिघडत नाही. पण हा आकडा ट्रेडमिलवर थांबत नाही, जेवणाच्या ताटापर्यंत येतो. ओटावा विद्यापीठातल्या २०१० च्या प्रयोगात लोकांना ट्रेडमिलवर ठरावीक कॅलरी खर्च करायला लावल्या आणि मग किती खर्च झाल्या असतील याचा अंदाज विचारला. त्यांचा अंदाज खऱ्याच्या तिप्पट-चौपट निघाला, आणि तेवढ्याच कॅलरी भरून काढतील असे खा म्हटल्यावर त्यांनी खर्चाच्या दुप्पट-तिप्पट खाल्ले. माणसाचा स्वतःचा अंदाज इतका उदार असताना पडद्यानेही उदारपणा दाखवणे परवडणारे नाही. वरच्या उदाहरणातल्या बाईने १३८ पाहून अर्धा वडापाव कमावला असे मानले, तर ७८ कॅलरींच्या कमाईवर तिने उधारी केली. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या नेतृत्वाखालच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ४७१ तरुण स्त्री-पुरुष होते. सर्वांना आहार आणि व्यायामाचा कार्यक्रम मिळाला, आणि सहा महिन्यांनी त्यांतल्या एका गटाला अंगावर बांधायचे उपकरणही मिळाले. दोन वर्षांनी उपकरणवाल्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोने उतरले होते, बाकीच्यांचे जवळपास सहा किलोने. उपकरणामुळेच असे झाले की आणखी कशामुळे, याचे उत्तर ती चाचणी देत नाही. आकडे समोर असले की माणूस आपोआप शहाणा वागतो, ही समजूत मात्र तिच्यापुढे टिकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत दमदार वाटतो. चूक असली तरी ती रोज तेवढीच असेल, तर काल-आजची तुलना करायला आकडा उपयोगी पडेलच ना? पडेल, आणि त्याचा खरा उपयोग तोच आहे. पण अटी आहेत. यंत्र तेच हवे, कारण शेजारच्या क्रॉस ट्रेनरची कॅलरी वेगळी. वजनही खरे भरलेले हवे. आणि चालण्याची पद्धत तीच हवी, जी गोष्ट सर्वाधिक मोडली जाते. चढ बारा टक्के करून पुढच्या कठड्याला लटकत चालणारे लोक कोणत्याही जिममध्ये दिसतात. हातांनी भार उचलला की पायांचे काम सरळ कमी होते, ऑक्सिजन कमी लागतो, पण सूत्रातला चढ बारा टक्केच राहतो. पडद्यावरचा आकडा मग फक्त मोटरच्या कष्टांचा उरतो. एसटीची गाडी घाटात किती किलोमीटर चढली यावरून डिझेलचा अंदाज बांधता येतो, पण तिला पुढून दुसरी गाडी ओढत असेल तर तो अंदाज कशाचा?

समजा उद्या एखाद्या यंत्राने मुखवट्याइतका अचूक आकडा दिला. तरी वजनाच्या हिशेबात तो जसाच्या तसा उतरत नाही, कारण शरीर दिवसाच्या उरलेल्या वेळात हात आखडता घेते. टांझानियातले हाड्झा लोक शिकार आणि कंदमुळे यांवर जगतात, रोज मैलोनमैल चालतात. २०१२ मध्ये हर्मन पॉन्ट्झर आणि सहकाऱ्यांनी त्यांचा दिवसाचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा शरीराच्या आकाराचा फरक धरल्यावर तो खुर्चीत बसणाऱ्या पाश्चात्त्यांएवढाच निघाला. २०२१ मध्ये १,७५४ प्रौढांच्या अशाच मापनांचा एकत्र अभ्यास झाला आणि हालचालीत गेलेल्या जादा शंभर कॅलरींमागे सरासरी अठ्ठावीस शरीर इतरत्र वाचवते, असे दिसले. म्हणजे त्या बाईच्या ७८ मधल्याही साधारण ५६ च दिवसाच्या एकूण खर्चात टिकतात. ही सरासरी आहे, माणसामाणसांत ती बरीच कमी-जास्त होते. पण १३८ पासून ५६ पर्यंतचा हा उतार पाहिल्यावर पडदा बघून खाण्याचे ठरवणाऱ्यांची वजने का उतरत नाहीत, याचा बराच उलगडा होतो.

व्यायामाचा फायदा यामुळे कमी होत नाही. हृदय, रक्तातली साखर, झोप यांना कॅलरीचा पडदा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची आहे, आणि मिनिटे मोजण्यात कोणतेही मशिन चुकत नाही. सायकलवर वॉट, ट्रेडमिलवर वेग आणि चढ, रोइंगवर पाचशे मीटरला लागलेला वेळ, हे सगळे यंत्राला ठाऊक असलेले आकडे आहेत आणि महिन्यामहिन्यांची प्रगती त्यांच्यातच दिसते. कॅलरीचा हिशेब हवाच असेल, तर तो पडद्यावर न करता वजनकाट्यावर करावा, एका दिवसाच्या नव्हे तर तीन-चार आठवड्यांच्या सरासरीवर, कारण पाणी आणि मीठ यांनीच वजन रोज किलो-अर्धा किलो इकडेतिकडे होते. सरासरी उतरत नसेल तर खाणे आणि खर्च यांचा मेळ बसलेला आहे, मग पडदा काहीही म्हणो. भरलेले न भरलेले वजन, विश्रांतीतला दर, धरलेला कठडा आणि शरीराने गुपचूप केलेली बचत हे सगळे वजनकाट्याच्या त्या एका आकड्यात धरूनच आलेले असते.